वत्सगुल्माची अपुरी गोष्ट

हे सावकाश वाचायचं आहे. मध्येमध्ये मी थांबायला सांगेन, तिथे खरोखर थांबा. मोबाइल पालथा ठेवा आणि सांगितलेल्या गोष्टीकडे मनातल्या मनात बघत राहा. विषय आहे ऐतिहासिक रहस्यकथा लिहिणाऱ्याचं काम: तो दिवसभर करतो काय, आणि त्याला गोष्ट सुचते कुठून. जागा आहे वाशिम.

मराठीत ऐतिहासिक कादंबरीला दीडशे वर्षं होऊन गेली. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचं ‘मोचनगड’ १८७१चं. रहस्यकथा तर बाबूराव अर्नाळकरांनी घराघरांत नेली. पण दोन्ही एकत्र, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीचा गुन्हा आणि पुराव्याच्या आधारानं काढलेला त्याचा माग, हे आपल्याकडे कमीच लिहिलं गेलं. ते लिहायला कुणी बसलंच, तर त्यानं वाशिमला यावं असं मला मनापासून वाटतं. का, ते पुढे येईलच.

आधी एक ताम्रपट डोळ्यांपुढे आणा.

१९३९ साली तो वाशिममध्ये उजेडात आला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातला. वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून, दिलेला. नंदिकट, म्हणजे नांदेडकडच्या भागातलं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याची त्यात नोंद आहे. वंशावळ संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाचा व्यवहार प्राकृतात. राजाचे पूर्वज सांगताना दरबाराची भाषा वापरली, आणि जमिनीच्या हद्दी, सवलती सांगायची वेळ आली तेव्हा गावच्या माणसाला कळेल अशी.

हा पट मिळेपर्यंत वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वाशिमला नांदत होती हे कुणाला ठाऊक नव्हतं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात या घराण्याची वंशावळ कोरलेली होती, पण तो लेख झिजलेला, मधली अक्षरं गळलेली, आणि शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन याचं नाव वाचणाऱ्यांच्या हातून निसटलेलं. वाशिमचा पट मिळाला, त्यात सर्वसेनाचं नाव स्वच्छ होतं, आणि वासुदेव विष्णु मिराशींनी अजिंठ्याची तुटकी ओळ त्याच्या उजेडात पुन्हा वाचली. एक साक्षीदार अडखळत होता, दुसरा येऊन उभा राहिला आणि पहिल्याचं बोलणं समजलं. मिराशी नागपूरचे संस्कृत पंडित, रहस्यकथा त्यांनी लिहिली नाही. पण मला विचाराल तर विदर्भातले पहिल्या प्रतीचे शोधक तेच.

इथे थांबा. त्या पटाकडे बघत राहा.

त्यात काय आहे ते आपण पाहिलं. आता काय नाही ते बघा. सदतीस वर्षं राज्य केलेला हा राजा म्हातारा झाला होता का? अशा दानपत्रांत राजाचं आयुष्य, बळ, विजय यांची कामना असतेच. पण शांतिकर्म आणि अभिचार जाणणाऱ्या अथर्ववेद्यांनाच का बोलावलं? आजार होता, भीती होती, की नुसतीच परंपरा? उत्तर द्यायची घाई करू नका. प्रश्न पोटात ठेवून गप्प बसायचं, हेच या धंद्यातलं पहिलं काम. इतिहासकार म्हणेल, पुरावा नाही, पुढे चला. कादंबरीकार तिथेच घुटमळतो. त्याला सुचायला प्रेत सापडावं लागत नाही, लेखातली एक मोकळी जागा पुरते.

आता त्याची सकाळ बघा.

टेबलावर मिराशींचा १९६३ सालचा वाकाटक लेखांचा जाडजूड संग्रह उघडा आहे. शेजारी वही. वहीत आज त्याला एवढंच लिहायचं आहे की पाचव्या शतकातल्या वत्सगुल्मात एक बाई रात्रीचा स्वयंपाक करते आहे आणि दारात कुणीतरी आलं आहे. एका वाक्याचं काम. पण बाईच्या पाट्यावरून आधी मिरची उचलावी लागते. वऱ्हाडी माणसाला हे जिवावर येतं, तरी मिरची त्या काळी या देशात नव्हतीच. शेंगदाणे गेले. मका गेला, बटाटा गेला, टमाटे गेले. खिडकीबाहेर वाशिमच्या शिवारात आज नजर पोचेल तिथवर दिसणारं सोयाबीनही पुसून टाकायचं. मग उरतं काय? ज्वारी, तूर, मूग, तीळ. तिखटाला मिरे, पिंपळी, सुंठ. मिरे दक्षिणेच्या समुद्रकाठाकडून येणार, म्हणजे व्यापारी आले, तांडा आला, तांड्याबरोबर परकी माणसं आली. दारात उभा असलेला माणूस कोण, हे लेखकाला आता कळतं. ते त्याला मिऱ्यानं सांगितलं.

हे मनाशी धरून ठेवा. काढून टाकता टाकता गोष्ट येते. दुपारी तो शहरात फिरायला निघाला तरी हेच करत असतो. बालाजीचं देऊळ सुरेख आहे, पण ते नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत भवानी काळूंनी बांधलेलं, अठराव्या शतकातलं. म्हणून आज ते डोळ्यांआड. रस्ते, विजेचे खांब, बसस्थानक सगळं डोळ्यांआड. पद्मतीर्थ तळ्याच्या पायऱ्यांवर बसायचं आणि फक्त पाणी ठेवायचं.

पाण्याचा एक भक्कम पुरावा तर जवळच आहे. वाशिमजवळच्या हिस्से-बोराळ्याला देवसेन वाकाटकाच्या काळातला शिलालेख मिळाला. शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५७-५८. राजाच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्यानं ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधविल्याची ती नोंद. वाकाटकांच्या लेखांत राज्यवर्षं सर्रास सापडतात, शकाचं वर्ष मात्र इथे. कालगणनेसाठी धडपडणाऱ्या माणसाला हे म्हणजे घबाड. तारीख पक्की, जागा पक्की, माणसाचं नाव पक्कं. रहस्यकथेला याहून घट्ट जमीन कोणती हवी?

तरीही त्या दगडापाशी मनानं जरा वेळ उभे राहा. तलाव बांधला म्हणजे कुणाचं तरी शेत पाण्याखाली गेलं. ते कुणाचं, दगडावर नाही. माती वाहणाऱ्या बायांना मजुरी वेळेवर मिळाली का, तेही नाही. आपल्या विदर्भात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं आजही आपल्यात आहेत, त्यांच्या तोंडून हे ऐकता येतं. पाचव्या शतकातल्या माणसाचं दुःख लिहायचं तर लेखकानं आजच्या त्या माणसापाशी जाऊन बसावं. ग्रंथालयात तेवढंच मिळत नाही.

मग प्रश्न येतो हक्काचा. मेलेल्या माणसांबद्दल आपल्या मनाचं किती लिहावं? जे घडलं त्यात किती फेरफार करावा?

हा प्रश्न आजचा नाही आणि त्याच्या उत्तरात वाशिमचं नाव आहे, हे मला कळलं तेव्हापासून मी या गावाच्या प्रेमात आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’ लिहिला. त्यात तो म्हणतो ते थोडक्यात असं: जुन्या कथेत रसाला मारक असं काही आलं तर कवीनं ते सोडावं आणि योग्य ते कल्पनेनं घडवावं, घडलेलं नुसतं सांगून टाकणं हे कवीचं काम नाही, ते इतिहास करतोच. आणि दाखला म्हणून तो तीन नावं देतो. कालिदासाच्या कृती, स्वतःचं ‘अर्जुनचरित’, आणि या दोहोंच्या मध्ये सर्वसेनाचं ‘हरिविजय’. तोच सर्वसेन, वत्सगुल्म शाखेचा पहिला राजा. महाराष्ट्री प्राकृतात त्यानं हे काव्य रचलं, कृष्णानं सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजात आणला त्या कथेवर. कथेला कुठे हात लावावा आणि कुठे लावू नये, हे शिकायला काश्मीरचा पंडित वाशिमच्या राजाकडे बोट दाखवतो.

आणि ते काव्य हरवलं आहे. साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत उदाहरणादाखल घेतलेली पद्यं तेवढी शिल्लक आहेत.

इथे पुन्हा थांबा. हरवलेल्या पुस्तकाचा विचार करा. ते जळालं, कसरीनं खाल्लं, की कुठल्या तरी दप्तरात दुसऱ्याच नावाखाली पडून आहे? ही आशा अगदीच भाबडी म्हणता येत नाही, कारण याच जिल्ह्यात कारंजा आहे. कारंजा लाडच्या जैन मंदिरांत हस्तलिखितांची भांडारं पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पोथ्यांची सूची तयार झाली, ती १९२६ साली छापली गेली, आणि दहाव्या शतकातल्या पुष्पदंतासारख्या अपभ्रंश कवीच्या कृती अभ्यासकांपुढे आल्या. त्याचं ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये कारंजाच्या ग्रंथमालेत छापलं गेलं, ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये. अमरावतीला शिकवणारे हिरालाल जैन यांनी त्या पोथ्यांवर केलेलं काम पाहिलं की अभ्यास म्हणजे काय ते कळतं. इटालियन लेखक उंबेर्तो एकोनं १९८० सालच्या कादंबरीत मठातल्या ग्रंथालयात हरवलेल्या पुस्तकापायी खून घडवले आणि जगभर त्याची वाहवा झाली. कारंजात खून नाही. बासनात बांधून ठेवणारे हात आहेत, दरवर्षी ऊन दाखवणारे, पुन्हा बांधणारे. माझ्या मनातल्या कादंबरीतला शोधक याच घरातला असेल. पोलीस नाही, पोथ्या सांभाळणारा.

आता मूळ गुन्ह्याकडे या.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्माचा हरिषेण हा दख्खनचा बलाढ्य राजा होता. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. आणि या वैभवानंतर थोड्याच काळात सगळं थांबतं. हरिषेणानंतर या घराण्याचा नीट माग लागत नाही. अजिंठ्याची काही लेणी अर्धवट राहिली. एवढं मोठं राज्य गेलं कुठे?

शिलालेख गप्प आहेत. बोलतो तो एक गोष्टी सांगणारा माणूस, दण्डी. साधारण दोन शतकांनंतरचा, दूर कांचीतला. त्याच्या ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या प्रकरणात विदर्भाची गोष्ट आहे. सद्‌गुणी राजा पुण्यवर्मा जातो, मुलगा अनंतवर्मा गादीवर येतो. बुद्धिमान, कलांचा शौकीन, पण राज्यकारभाराचा कंटाळा. वसुरक्षित नावाचा जुना मंत्री त्याला समजावतो. विहारभद्र नावाचा तोंडपूजक त्या उपदेशाची टिंगल करतो. मग शेजारच्या अश्मकाच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित, बापानं हाकलल्याचं सोंग घेऊन, गाणारे-बजावणारे आणि वेषांतर केलेले हेर बरोबर घेऊन येतो. शिकारीनं शरीर कसं बनतं, जुगारानं मन कसं खंबीर होतं, हे तो इतक्या गोड युक्तिवादानं सांगतो की राजा प्रत्येक व्यसनाला सद्‌गुण समजून जवळ करतो. प्रजा तेच शिकते. अश्मकाचा राजा वसंतभानू दुसऱ्याच राजाला चढाई करायला लावतो, मांडलिक फिरतात, अनंतवर्मा मारला जातो. लुटीवरून मांडलिकांची आपसात जुंपते आणि सगळं वसंतभानूच्या घशात जातं.

नावं बदललेली. वाकाटक हा शब्दही नाही. पण मिराशींनी म्हटलं, ही हरिषेणानंतर विदर्भ कसा बुडाला त्याची आठवण आहे. अजिंठ्यावर आयुष्य घालवणाऱ्या वॉल्टर स्पिंक यांनीही आपल्या कालक्रमाला याच गोष्टीचा आधार घेतला. काही अभ्यासकांना हे पटत नाही, गोष्ट ती गोष्टच असं ते म्हणतात. मला मिराशींचं म्हणणं पटतं, कारण कपोलकल्पित नाशाला इतके अचूक सांधे नसतात.

दण्डीला हे का लिहावंसं वाटलं असेल? प्रेरणेचा शोध इथे घेऊ. ‘अवंतिसुंदरी’ या दुसऱ्या ग्रंथात त्यानं आपल्या घराण्याची हकीकत दिली आहे. पणजोबा दामोदर, घराण्याचं ठिकाण अचलपूर. काही अभ्यासकांच्या मते ते आपलं विदर्भातलंच. आईवडील लहानपणी गेले. शत्रूची स्वारी आली, कांची उद्ध्वस्त झाली, पोरका मुलगा गावोगाव भटकला, पुढे परतला. त्याच ग्रंथात तो सर्वसेनाच्या ‘हरिविजया’चंही नाव घेतो. आता तो मुलगा डोळ्यांपुढे आणा. घरात जुन्या मुलखाच्या गोष्टी ऐकलेल्या, आणि स्वतःच्या डोळ्यांनी एक राजधानी कोसळताना पाहिलेली. असा माणूस दुसऱ्या कोसळलेल्या राज्याची गोष्ट लिहितो तेव्हा त्यात पुस्तकी काय आणि भोगलेलं काय, हे वेगळं करता येत नाही. मला तर वाटतं, अनंतवर्म्याचा दरबार लिहिताना त्याला कांचीच दिसत असणार.

रहस्यकथाकार म्हणून त्याची कारागिरी पाहायची असेल तर माळेचा प्रसंग घ्या. राणी वसुंधरा मुलांना घेऊन नवऱ्याच्या सावत्र भावाकडे, माहिष्मतीच्या मित्रवर्म्याकडे आश्रयाला गेली आहे. त्याची नजर वाईट. विश्रुत हा दहा कुमारांतला एक तिला युक्ती कळवतो. वत्सनाभ, म्हणजे आपला बचनाग, घातलेल्या पाण्यात माळ भिजवायची. मी पतिव्रता असेन तर ही तलवारीचा घाव ठरो, असं म्हणून त्याला मारायची. तो मरतो. मग तीच माळ उताऱ्याच्या पाण्यात बुडवून मुलीच्या, मंजुवादिनीच्या गळ्यात. तिला काही होत नाही. लोक म्हणतात, सतीचं तेज. वाचकाला मात्र ठाऊक, की उतारा होता.

या माळेवर आजच्या लेखकाचा अख्खा महिना जाईल, आणि जावा. बचनागाचा कंद हिमालयाकडचा; नर्मदाकाठी तो आणला कुणी? वैद्य तो गोमूत्रात शोधून मगच वापरतात, म्हणजे अशोधित कंद मागणारा माणूस वैद्याच्या लक्षात राहणार. जिभेला मुंग्या येतात, मग हृदयाची लय बिघडते. पण छातीवर नुसत्या ओल्या माळेच्या फटक्यानं माणूस जागीच मरेल का? कातडी फुटलेली असेल तर? दण्डीनं हे विचारलं नाही, त्याला गरज नव्हती. आजच्या वाचकापुढे मात्र या प्रत्येक प्रश्नाची वाट चालून जावी लागते, आणि चालताना वैद्य, व्यापारी, माळी अशी नवी माणसं कथेत येतात.

आणखी एक गोष्ट, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दण्डीनं आरोपी नेमला: अश्मक. पण त्या आरोपीची बाजू अजिंठ्यातच कोरलेली आहे. सव्विसाव्या लेण्यातल्या लेखात बुद्धभद्र नावाचा भिक्षू अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याच्या मैत्रीचं आणि पुण्याचं स्मरण करतो. त्याच लेण्यात तो विशाल, आडवा पहुडलेला महापरिनिर्वाणाचा बुद्ध आहे. एकाच डोंगराच्या कुशीत विदर्भाच्या मंत्र्याचं लेणं आणि अश्मकाच्या मंत्र्याच्या नावानं दिलेलं लेणं.

थांबा, आणि दोन्ही एकाच वेळी मनात धरा. कट करणारा दरबार आणि तो बुद्ध. एकाला खोटं ठरवून सुटका करून घेऊ नका. जोसेफिन टे या स्कॉटिश लेखिकेनं १९५१ साली ‘द डॉटर ऑफ टाइम’मध्ये रुग्णालयात पडून असलेल्या पोलिसाला पाचशे वर्षांपूर्वीच्या राजावरचा खुनाचा आरोप तपासायला लावलं, कारण बदनामी जिंकणाऱ्यांनी लिहिलेली होती. आपल्याकडे उलट आहे, हरलेल्यांच्या बाजूची गोष्ट टिकली. म्हणून ती आपोआप खरी ठरत नाही. मेलेल्या माणसाला वकील देता येत नाही. कादंबरीकारानंच दोन्ही बाजूंनी उभं राहावं लागतं. हे ज्याला जमणार नाही त्यानं खरी नावं वापरू नयेत, दण्डीसारखी बदलून घ्यावीत.

शेवटी अपुरेपणाबद्दल. दण्डीचं मूळ पुस्तक या विदर्भाच्या गोष्टीतच मध्ये तुटतं. वसंतभानूशी निकाल लागायचा राहतो. पुढे दुसऱ्या कुणीतरी शेपूट जोडलं, लढाई घडवली, दुष्टाला मारलं, राजपुत्राला गादीवर बसवलं. ते वाचा, आणि मूळ तुटतं तिथवरचंही वाचा. जोडलेल्या भागात घटना तेवढ्या आहेत. मला ती भरपाई पटत नाही. वाशिमला बसून लिहिणाऱ्यानं तुटलेल्या जागेपासून सुरुवात करावी, आणि साक्षीदार म्हणून नालीजंघाला घ्यावं. हा राणीचा म्हातारा सेवक, राजपुत्राला घेऊन विंध्याच्या रानात आलेला. तहानलेल्या पोरासाठी पाणी काढताना विहिरीत पडला आणि विश्रुतानं त्याला वेलीच्या आधारानं वर ओढलं. सगळी हकीकत आपल्याला कळते ती त्याच्याच तोंडून. ती सांगताना तो एका वाक्यात पुढे सरकतो: राणीला आणि मुलांना घेऊन निघालेला इमानी मंत्री वसुरक्षित वाटेत तापानं गेला.

ऐन मोक्याच्या वेळी, जिवंत राहिला असता तर सगळं सावरू शकला असता असा एकमेव माणूस. तापानं. त्या रात्री त्याला पाणी कुणी पाजलं, हे नालीजंघाला अजून कुणी विचारलेलं नाही.